टिंबाची पिन

प्रिंटरच्या हेडात नऊ पिना असतात, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. चहाच्या टपरीवर सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्याला सांगितलं, बायकोला तर लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं — ती अजून त्यावरून माझी टर उडवते. पण एका हेडातल्या नवव्या पिनेचं मी काय केलं, ते कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कितीदा तोंडाशी आलं आणि मी विषय बदलला.

आज सांगायला बसलोय. सरळ येईल की नाही, माहीत नाही. आधी मशीनचं सांगतो — मशीनबद्दल बोलायला मला लाज वाटत नाही.

तुम्ही तो प्रिंटर पाहिला असेल. कर्रर्र-कर्रर्र करत कागद ओढणारा, कागदाच्या दोन्ही कडांना भोकं. त्याचं जे डोकं डावीकडून उजवीकडे धावतं, ते हेड. त्याच्या आत पोलादाच्या बारीक तारा, केसाहून थोड्या जाड. त्याच पिना. प्रत्येक पिनेमागे तांब्याची एक कॉइल. कॉइलमध्ये वीज आली की तिचं चुंबक होतं, चुंबक एक इवलीशी पट्टी खेचतं, पट्टी पिनेला मागून टोला देते, पिन पुढं झेपावून रिबनीवर आपटते आणि कागदावर एक ठिपका उमटतो. तेवढ्यात स्प्रिंगनं तिला मागं ओढलेलंही असतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा. नऊ कॉइली त्या एवढ्याशा तोंडात मावणार कशा? म्हणून मागच्या बाजूला त्या गोल बसवलेल्या, भुलाबाईच्या मूर्तीभोवती पोरी बसतात तशा. आणि पिना तिथून वळत-वळत पुढं येतात, नाकापाशी एका उभ्या रांगेत उभ्या राहतात. नाकात लाल खड्याची पट्टी असते, तिला बारीक भोकं. हेड चालून-चालून तापतं, हात लावला तर चटका बसतो. पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा मी जेवायचं विसरलो होतो.

त्या वेळी बुलढाण्यात माझं छोटं दुकान होतं. जिल्ह्यात कॉम्प्युटर नुकते येऊ लागले होते. हेड बिघडलं की बाकीचे सांगायचे, 'गेलं, नवं घ्या.' मी उघडायचो. 'अरुणभाऊकडे न्या, तो करून देईन' — हे कानावर आलं की छाती फुगायची. खोटं कशाला बोलू, आजही फुगते.

आता, पिन तुटली की ती मुंबईहून मागवावी लागे. गिऱ्हाईक इकडं दारात उभं. मग मी एक जुगाड शोधून काढलं होतं. इंग्रजी छापताना सगळ्यात खालची, नववी पिन जवळजवळ बसूनच असते. मोठ्या अक्षरांना ती लागत नाही. लहानातल्या 'जी', 'वाय'च्या शेपटीला आणि खालची रेघ मारायला लागली तर लागली. तीच काढायची, हलक्या हातानं तिचा बाक बदलायचा, तुटलेल्या पिनेच्या जागी बसवायची. नवव्या जागेवर काहीच नाही. कोणाच्या बापाला कळत नसे.

इथवर ठीक आहे. इथवर तर मी हुशारच आहे, नाही का?

आमच्या जिल्ह्यातल्या धाड गावाच्या पलीकडं एका गावात एक शिक्षण संस्था होती. गावाचं नाव सांगत नाही. तिचे अध्यक्ष दादासाहेब, मोठं प्रस्थ. संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, तो चालवायला गावातलीच एक मुलगी ठेवली — सुनंदा. भाजीपाला लावणाऱ्या किसनरावांची पोरगी. हे किसनराव ग्रामपंचायतीला दादासाहेबांच्या पॅनेलविरुद्ध उभे राहिले होते आणि सपाटून पडले होते. तरी पोरीला कामावर घेतलं, कारण तिच्यासारखं स्वच्छ मराठी टायपिंग आसपासच्या गावांत कोणाचं नव्हतं. बोटांकडं न बघता टाइप करायची. संस्था तिला औरंगाबादला मोठ्या कोर्सला पाठवणार होती. परत येऊन तिनं शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा, असं ठरलं होतं. ती हे सगळ्यांना सांगत फिरायची, मलाही कितीदा सांगितलं. मी हेड उघडलं की काम सोडून बघायला यायची. 'भाऊ, ही इतकुशी तार एवढा कल्ला करते?' म्हणून हसायची.

एकदा त्या प्रिंटरवर प्रत्येक अक्षराच्या पोटातून पांढरी रेघ जाऊ लागली. मधली पिन तुटलेली. मी हेड दुकानात आणलं, नववी काढून मधे बसवली, एबीसीडी छापून पाहिली — चकाचक. नेऊन लावलं आणि संस्थेच्या प्राचार्यांना म्हणालो, 'नवी पिन टाकली.' हे पहिलं खोटं. तेव्हा ते खोटंसुद्धा वाटलं नव्हतं. आमच्या धंद्यात तपासणी इंग्रजीतच करायची रीत — आणि मी, घरात-दारात मराठीशिवाय शब्द न बोलणारा माणूस, मराठी छापून पाहिलंच नाही!

तिथल्या मराठीची गोष्ट वेगळी होती. ते सॉफ्टवेअर एक ओळ दोन फेऱ्यांत छापायचं. पहिल्या फेरीत शिरोरेघेच्या वरचं — मात्रा, वेलांट्या, टिंबं. दुसऱ्या फेरीत शिरोरेघ आणि खालचं अक्षर; त्यात नववी पिन फार तर उकाराच्या टोकाला लागायची, ते कोणाच्या डोळ्यात येत नसे. आता पहिल्या फेरीत रेघेला टेकून काय बसतं? टिंब. म्हणजे त्या फेरीतली सगळ्यात खालची पिन. मात्रा-वेलांट्या उंच, त्या वरच्या पिनांवर भागून जायच्या. टिंब बिचारं बुटकं, एकाच पिनेचे शेजारी-शेजारी दोन ठोके. ती पिनच नाही, तर टिंब कुठून उमटणार?

थोड्याच दिवसांत एका शिक्षकाच्या रजेचं पत्र निघालं. 'रजा मंजूर'ऐवजी छापून आलं 'रजा मजूर'. स्टाफरूममध्ये हसून-हसून पुरेवाट. सुनंदा बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात आली. म्हणाली, 'भाऊ, टिंब नाई उमटून राह्यले. कॉम्प्युटरात दिसतात, कागदावर येतच नाई.'

मला कळलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर कितीदा मी स्वतःला समजावलं की तेव्हा नक्की लक्षात आलं नव्हतं. आलं होतं. तरी मी म्हणालो, 'रिबन जुनी झाली असन. तोवर पेनानं टिंब देत जाय, बाई.' ती बरं म्हणून गेली. आणि खरंच देत बसली — ऑफिसच्या प्रत्येक कागदावर, निळ्या पेनानं, एक-एक टिंब. मी म्हटलं, आज-उद्या जाऊन पिन टाकून येऊ. आज-उद्या करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मग दादासाहेबांची एकसष्टी आली.

मोठा मांडव, जिल्ह्याचे पाहुणे. मानपत्राच्या प्रती सगळ्यांना वाटायच्या होत्या. त्यासाठी स्टेन्सिल काढायची — म्हणजे रिबन काढून टाकायची आणि पिनांनी थेट मेणकागदावर ठोके द्यायचे; त्या भोकांतून शाई उतरून पाहिजे तेवढ्या प्रती निघतात. सुनंदानं पुन्हा मला गाठलं. 'भाऊ, सत्काराची स्टेन्सिल हाय. तिच्यावर पेन कसा चालन? तेवढं आधी दुरुस्त करून द्या न.' मी म्हणालो, 'होऊन जाईन, काई काळजी नको करू.' आणि गेलो नाही. आजारी होतो का? नाही. दुसरं काम होतं का? तेही नाही. कंटाळा केला. मेणकागदावर नुसत्या डोळ्यांनी काही धड दिसत नाही. दोष रिबनीचा, आणि स्टेन्सिलला तर रिबनच नसते, असं धरून तिनं माझ्या शब्दावर स्टेन्सिल काढली आणि स्टेन्सिल तशीच छपाईला गेली.

मी मांडवात होतो. माझ्या हातातही प्रत आली. 'दादासाहेब यानी या भागात ज्ञानाची गगा आणली. त्याचे उपकार गाव विसरणार नाही. त्याना उदड आयुष्य लाभो.'

आपल्या भाषेत मान कुठं असतो, कधी विचार केलाय? मी त्या दिवशी केला. टिंबात असतो. 'त्यांचे' म्हटलं की मोठा माणूस. टिंब काढा, 'त्याचे' — की शेंबडं पोरगं. मागून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, 'अबे, दादासाहेबाले अरे-तुरे केलं का काय!' आणि मांडवाचा मागचा भाग हसला. विरोधी पार्टीचे लोक तर पोट धरून हसले. दादासाहेबांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

'गगा' आणि 'उदड' कोणाला दिसलं नाही. 'गगा' लिहून कोणाचा अपमान होतो? सुनंदाला सूडच घ्यायचा असता तर तिनं गंगेचं टिंब कशाला खाल्लं असतं? एवढा एक प्रश्न मी विचारला असता तरी पुरे होतं. मला तो तिथंच, खुर्चीत बसल्या-बसल्या सुचला होता. मी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बैठक. मला बोलावलं होतं — मशीनचा जाणकार म्हणून, बघा. सुनंदा भिंतीला लागून उभी. प्राचार्य म्हणाले, किसनरावांनी पोरीकडून डाव साधला. ती म्हणाली, 'नाई सर, मी टाकले होते. मशीनच टिंब खाऊन राह्यली. मी भाऊले सांगतलं होतं न!' आणि माझ्याकडं वळली. सगळे माझ्याकडं वळले.

मी म्हणालो, 'रिबन फिकी झाली म्हणत होती.'

असं म्हणालो. शांतपणे.

ती भिंतीपासून पुढं आली. मग म्हणाली, 'ठीक हाय. तेच मानपत्र आता छापून पाहा. कॉम्प्युटरात तसंच हाय.' पोरगी हुशार होती. तिथल्या तिथं निकाल लागला असता. मी पुढं झालो, हेडला हात लावला — प्रिंटर सकाळपासून चालू होता — आणि म्हणालो, 'हेड तापलंय, आता छापलं तर जाईल. मी नेऊन साफ करतो, उद्या छापू.' सगळ्यांनी मान डोलावली. मशीनचं मी सांगितलेलं कोण खोडणार?

हेड रुमालात गुंडाळून मी एसटीनं बुलढाण्याला आलो. माझ्या दुकानातल्या प्रिंटरचं हेड उघडलं, त्यातली नववी पिन काढली आणि संस्थेच्या हेडात नवव्या जागी बसवली. माझ्या हातून इतकं सुबक काम क्वचित झालं असेल. कॉइल, पट्टी, स्प्रिंग — सगळं जिथल्या तिथं. या वेळी मात्र मी मराठी छापून पाहिलं. लग्नाच्या पंगतीत वाढावीत तशी टिंबं आली.

पुढच्या दिवशी सगळ्यांसमोर सुनंदानंच ते मानपत्र छापलं. यांनी. गंगा. त्यांचे. त्यांना. उदंड. एकही टिंब सुटलं नव्हतं.

मी म्हणालो, 'फक्त शाई पुसली नाकातली. मशीन चोख आहे.'

सुनंदा कागदाकडं बघत राहिली. मग पडद्याकडं. मग आपल्या बोटांकडं. 'पण मी तं...' एवढंच म्हणाली. प्राचार्यांनी मला विचारलं, 'म्हणजे टिंबं कॉम्प्युटरात नंतर टाकली असतील? तशी टाकता येतात का?' आणि मी म्हणालो, 'येतात की.' यात खोटं काहीच नव्हतं. टाकता येतात. एवढ्या खोट्यात तेवढं एक खरं बोललो, आणि त्यानंच तिचा घात झाला. मग कोणाला तरी आठवलं, ही महिनाभर कागदांवर पेनानं टिंबं देत बसायची. म्हणजे हिला टिंबं खायची सवयच आहे, आणि या वेळी ती जाणूनबुजून तशीच गाळून ठेवली. पेनाचं कोणी सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

तिला काढलं. औरंगाबाद गेलं ते गेलंच. आसपासच्या कोणत्याच ऑफिसनं तिला ठेवलं नाही; दादासाहेबांचा रोष कोण ओढवून घेणार? आणि किसनराव — हे मला नंतर एकानं सांगितलं — किसनरावांनी घरी तिच्या पाठीवर थाप मारली म्हणे. 'बरोबर केलं बाई, लय चांगली जिरवली.' बापालाही खरं वाटलं नाही की तिनं काही केलेलं नाही. बापाच्या त्या शाबासकीवर ती रडली, असं तो माणूस हसत सांगत होता. मीही थोडा हसलो.

का केलं मी असं? दादासाहेबांची भीती होती, हो. पण खरं सांगू? त्याहून मोठी भीती दुसरी होती. एक पिन उघडी पडली तर लोक बाकीच्या ऑफिसांतली हेडं तपासतील, आणि अरुणभाऊ नव्या पिनेच्या नावाखाली जुन्याच इकडच्या तिकडं करतो, हे जिल्हाभर होईल. 'अरुणभाऊकडे न्या' हे ऐकायचं बंद होईल. एवढ्यासाठी. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? मीही तेच म्हणतो.

वर्षं गेली. डॉट मॅट्रिक्स गेले, लेझर आले, माझं दुकान मोबाइलचं झालं. मध्यंतरी एक दिवस सुनंदा दुकानात आली. धामणगाव बढेला दिलेली, केस पिकलेले. मी ओळखलं नाही असं दाखवावं, असा विचार मनात येऊन गेला — आला, हेही सांगून टाकतो. पण तिनंच हाक मारली, 'अरुणभाऊ, ओळखलं का नाई?' मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली होती. मला! म्हणाली, 'बुलढाण्यात जुने लोक कोण राह्यले आता. तुमी याच.'

पत्रिका उघडली. छान छपाई, गुळगुळीत कागद. आणि प्रत्येक टिंबावर निळ्या पेनाचं टिंब. छापलेलं टिंब होतंच. त्याच्यावर आणखी एक, दाबून दिलेलं. कुलदैवताच्या नावावर, 'यांची'वर, 'यांना'वर, आणि खाली आईच्या नावावर — सुनंदा — तिथंही.

मी एका टिंबावरून बोट फिरवलं. ती लाजली. म्हणाली, 'सगळ्या पत्रिकांवर देल्ले. पोरगी चिडली माह्यावर. पण काय करू, भाऊ, भरवसा नाई राह्यला आपल्या हातावर. तवा मले वाटे, मशीनच खराब हाय. तुमच्याबद्दलबी वाईट आलं होतं मनात, खोटं काऊन बोलू. पण तुमी साफ करून छापून दाखवलं न, मंग समजलं — बोट आपलंच बरोबर पडत नसन.' आणि हसून म्हणाली, 'तुमीच तं सांगतलं होतं, पेनानं देत जाय म्हणून.'

मी तेव्हा बोलू शकलो असतो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. दादासाहेब जाऊन किती वर्षं झाली, हेडं भंगारात गेली, कोणाची भीती उरली होती? मी म्हणालो, 'चांगली सवय आहे, बाई.'

तिच्यासाठी चहा मागवला. लग्नाला गेलो. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, पोटभर जेवलो. तिनं आग्रहानं वाढलं आणि नवऱ्याला माझी ओळख करून दिली. म्हणाली, 'हे अरुणभाऊ. मशीनमधलं यायच्याएवढं कोणालेच समजत नव्हतं.' नवऱ्यानं वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.

सुनंदानं टिंबं टाकली होती. सगळी. पहिल्या दिवसापासून तिचं एकही बोट चुकलं नव्हतं. पिन मी काढली होती, आणि तिला खोटं पाडायला परत बसवली, तीही मीच.